ठासणीच्या बंदुकीचा ग्रुप पसरतोय? नवीन गोळ्या घेण्याआधी हे बघून घ्या

सप्टेंबर संपत आला की इथे पेन्सिल्व्हेनियात रेंजवर गर्दी वाढते आणि तोच प्रश्न परत सुरू होतो: गेल्या वर्षी बंदूक मस्त चालत होती, आता १०० यार्डावर गोळ्या कुठेही जातायत, म्हणजे ग्रुप (कागदावर गोळ्यांच्या भोकांचा घोळका) पसरतोय, दुसरी कुठली गोळी घेऊ? मी शेजारच्या बेंचवर बसून इतक्या लोकांच्या ठासणीच्या बंदुका ठीक करून दिल्यात की आता पहिलं वाक्य ठरलेलंच आहे, पाकीट खिशात ठेवा, गोळी सगळ्यात शेवटी बदलायची. शंभरातल्या किती जणांची गोळी खरंच चुकीची असते ते मोजलेलं नाही, पण फार थोड्यांची.

हे मुख्यतः .५० कॅलिबरच्या इनलाइन बंदुकीबद्दल आहे, म्हणजे मागे दारू पेटवणारी २०९ प्रायमरची टोपी, वर स्कोप (दुर्बीण), आणि सॅबोत, म्हणजे गोळीला धरून नळीतून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकळ्यांच्या कपात, बसवलेली गोळी. फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक) आणि कपड्याच्या पॅचातली गोल गोळी वापरणाऱ्यांसाठी पुढे थोडं वेगळं लिहिलंय. आणि गावाकडचे भाऊ लोक वाचत असतील तर, हे सगळं अमेरिकेतल्या परवाना काढून होणाऱ्या शिकारीचं आहे, आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर हरणाचा विषयच संपला. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत पण त्या बहुतेक गुळगुळीत नळीच्या, त्यामुळे काकांनी सांगितलेलं ठासण्याचं ज्ञान इथे अर्धंच लागू होतं. पिळाच्या (आत गोल फिरत गेलेल्या खाचांच्या) नळीचं गणित वेगळं.

लक्षणं काय काय दिसतात

आधी तुमचं लक्षण नीट ओळखा, कारण "ग्रुप खराब आहे" एवढ्यावर कोणीच काही सांगू शकत नाही.

– पहिला बार एकीकडे, पुढचे सगळे दुसरीकडे एकत्र. हे बहुतेक वेळा नळीतल्या तेलाचं काम.

– पहिले दोन चिकटून आणि तिसरा-चौथा चार-पाच इंच लांब. नळी तापली किंवा आत काजळी साठली.

– कसलाच पॅटर्न नाही, चारही दिशांना. स्क्रू, सॅबो किंवा दारूचं माप, यातलं एक.

– कागदावरचं भोक गोल नसून लांबट, गोळी आडवी लागल्यासारखं. नळीच्या पिळाला गोळी झेपत नाहीये.

– गोळी आत ढकलताना कधी लोण्यात गेल्यासारखी तर कधी गजावर (ठासायच्या लांब काठीवर) लोंबकळावं लागतं.

– चाप ओढल्यावर "टक्" आणि मग क्षणभराने धडाम.

– हरणाला लागलं हे नक्की, पण रक्ताचा माग नाही. किंवा उलट, समोरच्या बाजूला फुटून गेली आणि आत पोचलीच नाही.

शेवटचं लक्षण कागदावर कधीच दिसत नाही, त्याची वेगळी तपासणी आहे, खाली येईल.

सगळ्यात आधी: बंदूक भरलेली आहे का?

हसू नका. ठासणीच्या बंदुकीत चेंबर उघडून बघता येत नाही, त्यामुळे गेल्या सीझनचा बार आत तसाच असू शकतो. प्रायमर काढा, गज नळीत टाका आणि गजावरची खूण बघा. खूण नसेल तर आजच करा: नळी पूर्ण रिकामी असताना गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी एक रेघ, आणि तुमचा नेहमीचा बार ठासल्यावर दुसरी रेघ. पर्मनंट मार्कर चालतो, काही जण टेप लावतात पण टेप सरकते. या दोन रेघा पुढच्या निम्म्या तपासण्यांना लागणार आहेत आणि खर्च शून्य.

फुकटातल्या तपासण्या

स्कोपचे स्क्रू. बेसचे आणि रिंगचे, दोन्ही. १०० ग्रेन दारू आणि २५० ग्रेनची (सुमारे १६ ग्रॅमची) गोळी म्हणजे खांद्याला चांगलाच दणका बसतो, तोच दणका त्या बारीक स्क्रूंनाही बसतो. वरचे रिंगचे स्क्रू सगळे तपासतात, खाली बेसचे कोणी बघत नाही कारण त्यासाठी स्कोप उतरवावा लागतो, आणि सैल नेमका तोच असतो. नळी आणि दस्ता जोडणारा स्क्रूही बघा.

मग टेकू. बंदूक दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवायची, नळीवर नाही. दर वेळी त्याच जागी. आणि तुम्ही स्वतः दचकताय का ते बघा. रिकाम्या बंदुकीवर करायची गंमत आहे ही: दारू नाही गोळी नाही, मित्राने कधी फक्त प्रायमर लावून तर कधी तोही न लावता बंदूक हातात द्यायची, तुम्हाला माहीत नसतं कुठली. चाप ओढताना नुसतं "टक्" झालं आणि नळीचं तोंड खाली गेलं की उत्तर मिळालं. गोळी बदलून हे जात नाही. दारूच्या ३ पेलेटवरून (तयार वड्यांवरून) २ पेलेटवर आलं की मात्र बऱ्यापैकी जातं.

नळी गार होऊ द्या. हे एवढं साधं आहे पण कोणाला धीर नसतो. सॅबो म्हणजे प्लॅस्टिक, तापलेल्या नळीत ते मऊ पडतं, मग ते गोळीला नीट धरून फिरवत नाही आणि तिसरा बार भलतीकडे जातो. ऑगस्टच्या उन्हात रेंजवर धडाधड पाच बार काढून "ही गोळी बेकार" असं ठरवणारे लोक मी दरवर्षी बघतो, अहो शिकार थंडीत करणार ना तुम्ही, तिथे नळी गारच असणार आणि बार बहुतेक एकच मिळणार. नळीवर हात ठेवा, कोमट लागली तरी थांबा. दोन बारांच्या मध्ये दहा मिनिटं गेली तर काही बिघडत नाही, चहाचा थर्मास न्या.

नळी: दोन-चार डॉलरचं काम

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराला नळीची अवस्था बदलते, हेच मूळ दुखणं. म्हणून प्रत्येक गोळी एकाच अवस्थेतल्या नळीतून गेली पाहिजे. कशी का असेना, पण एकाच.

तेल आधी घालवा. घरी ठेवताना गंज लागू नये म्हणून नळीत तेल लावलेलं असतं, त्यावरून गेलेली पहिली गोळी बाकीच्यांत बसत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले दोन पॅच (कापडाचे तुकडे), मग कोरडा पॅच स्वच्छ निघेपर्यंत, मग सुरक्षित दिशेला नुसता एक प्रायमर उडवा म्हणजे ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या बुचाच्या) भोकात अडकलेलं तेल जळून जातं. फुसका बार होण्याचं सगळ्यात मोठं कारण हे भोकातलं तेलच आहे.

मग प्रत्येक बारानंतर पुसणं. पायरोडेक्स किंवा ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी मिळणाऱ्या दारू) वापरत असाल तर एक किंचित ओला पॅच, दोन्ही बाजूंनी, आणि एक कोरडा. किंचित ओला म्हणजे खरंच किंचित, थबथबलेला नाही, नाहीतर पाणी खाली प्लगमध्ये उतरतं आणि पुढचा बार फुसका. ट्रिपल सेव्हनची एक खोड आहे, गोळी जिथे बसते तिथेच एक कडक कडं जमतं. ते पुसलं नाही तर पुढची गोळी त्या कड्यावर अडकते, तुम्हाला वाटतं तळाला पोचली, आणि गजावरची रेघ बघितली तर अर्धा इंच वर. ब्लॅकहॉर्न २०९ या दारूला मधे पुसायची गरज सहसा पडत नाही म्हणून लोकांना ती आवडते, पण ती पाण्याने साफ होत नाही, तिला नेहमीच्या रायफलचं सॉल्व्हंट लागतं. साबणाच्या पाण्याने ब्लॅकहॉर्न धुणारे लोक मार्चमध्ये गंजलेली नळी घेऊन येतात.

ठासणं

गोळी दारूवर टेकली पाहिजे, मध्ये फट नको. फट राहिली तर ग्रुप जातो हा छोटा भाग झाला, मोठा भाग असा की नळीत मध्येच अडकलेल्या गोळीसारखा प्रकार होतो आणि नळी फुगू शकते, फाटूही शकते. प्रत्येक बाराला दुसरी रेघ नळीच्या तोंडाशी आली का ते बघायचं, नाही आली तर प्रायमर लावायचाच नाही.

दाब दर वेळी सारखा. गज आपटत बसायचं नाही, त्याने पोकळ टोकाच्या गोळीचं तोंड चेपतं आणि पेलेट असतील तर त्यांचा चुरा होतो. गजाच्या टोकाला गोळीच्या आकाराचा जॅग (गोळी ढकलणारा तुकडा) लावा, टोकदार गोळीला सपाट जॅग लावला तर टोक वाकडं होतं आणि मग तुम्ही गोळीला शिव्या देता.

अजून एक, हे रेंजवर कळत नाही, जंगलातच कळतं. मागे प्लॅस्टिकची टोपी असलेल्या पूर्ण मापाच्या गोळ्या ठासायला इतक्या सोप्या असतात की काही नळ्यांत त्या सैल बसतात. झाडावरच्या स्टँडवर दोरीने बंदूक वर ओढली, तोंड खाली, दणके बसले, आणि गोळी दारूपासून पुढे सरकली. वर बसल्यावर गज घालून रेघ बघायची सवय लावा. सरकत असेल तर ती गोळी तुमच्या नळीसाठी नाही, कागदावर कितीही छान ग्रुप देत असली तरी.

दारूचं माप

इथे सगळ्यात जास्त गोंधळ. "१०० ग्रेन" हे ठासणीच्या जगात आकारमानाचं माप आहे, वजनाचं नाही. काळ्या दारूच्या मापाने बनवलेल्या नळकांड्यात १०० च्या रेघेपर्यंत भरायचं. वजनकाट्यावर १०० ग्रेन मोजून ट्रिपल सेव्हन किंवा ब्लॅकहॉर्न घातली तर तो बार ठरलेल्यापेक्षा बराच मोठा होतो, कारण या दारू हलक्या आहेत, आकारमानाने १०० ची ब्लॅकहॉर्न वजनाला सुमारे ७० ग्रेनच भरते. वजनाने मोजायचं तर दारू बनवणाऱ्याचा वजनाचा तक्ता वापरा. आणि नेहमीच्या रायफलची धूरविरहित पावडर या बंदुकीत कधीही नाही, चिमूटभरसुद्धा नाही. त्यासाठी खास बनवलेल्या मोजक्या बंदुका सोडल्या तर याने नळी हातात फुटते.

माप कमी करून बघा. ३ पेलेट म्हणजे १५० ग्रेन, खोक्यावर मॅग्नम लिहिलेलं असतं म्हणून लोक घालतात. बहुतेक नळ्यांत त्याने धूर वाढतो, दणका वाढतो, सॅबो फाटतो आणि ग्रुप दुप्पट होतो. सुटी दारू घ्या, ८० पासून सुरू करा, ५-५ ग्रेनने वर जा, तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. कुठेतरी ८५ ते १०० च्या मध्ये ग्रुप अचानक जमतो, तिथेच थांबा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १०० यार्डाच्या आत याहून जास्त लागतच नाही. पायरोडेक्सचे पेलेट वापरत असाल तर काळं टोक प्रायमरच्या बाजूला जायला हवं, ते उलटं पडलं की पेटायला उशीर होतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. माप बदललं, सॅबो बदलला, स्कोपही दोन क्लिक फिरवला, आणि ग्रुप सुधारला, तर कशाने सुधारला? पुढच्या वर्षी परत शून्यापासून.

ब्रीच प्लग

उशिराने बार होत असेल तर प्लग काढा. आतल्या वाटेत कार्बनचा थर साठतो, विशेषतः ब्लॅकहॉर्नने, आणि ज्वाला दारूपर्यंत अर्धीच पोचते. योग्य मापाचं ड्रिल बिट बोटांनी फिरवून तो कार्बन खरवडायचा, मशीनला लावायचं नाही आणि पुढच्या बारीक भोकाला हात लावायचा नाही. ते भोक झिजून मोठं झालं असेल तर प्लगच नवीन घ्या, तो काही फार महाग नसतो. स्कोपच्या पुढच्या बाजूला काजळी उडत असेल तर प्रायमर सैल बसतोय आणि गॅस मागे येतोय. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी हा लेख तुम्ही शेवटच्या भागापासून वाचाल.

उडालेले सॅबो गोळा करा

माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी तपासणी आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. रेंज थंड, म्हणजे सगळ्यांचे बार थांबलेत, असं जाहीर झालं की पुढे चालत जा, साधारण १० ते ३० यार्डात गवतात सॅबो पडलेले असतात. उचला, धुऊ नका, ओळीने मांडा.

पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या, सगळ्या शाबूत, बूड गोल आणि सपाट, आणि पाचही सॅबो एकमेकांसारखे दिसतायत: सॅबो निर्दोष, दुसरीकडे शोधा. एखादी पाकळी तुटलेली, किंवा एक वळली आणि बाकीच्या सरळ: गोळी बाहेर पडताना एका बाजूला ढकलली गेली, तुमचा तो भरकटलेला बार बहुधा हाच. बूड वितळलेलं, भोक पडलेलं, कडा जळलेल्या: दारू जास्त किंवा नळी गरम, गॅस गोळीच्या पुढे निसटतोय. माप कमी करा किंवा दारू आणि सॅबोच्या मध्ये फेल्टची चकती घालून बघा. पाकळ्यांवर बाहेरून पिळाचे ठसे अगदी पुसट: सॅबो नळीला सैल, गोळी फिरतच नाहीये नीट.

.५० च्या सगळ्या नळ्या नेमक्या सारख्या नसतात, हजाराव्या भागाचे फरक असतात, आणि तेवढ्याने सॅबो सैल किंवा घट्ट होतो. म्हणून गोळी बदलण्याआधी तीच गोळी दुसऱ्या सॅबोत घालून बघा. सॅबोचं पाकीट गोळ्यांच्या पाकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. गोळी .४५२ ची असेल तर .५० नळीसाठीचा .४५ चा सॅबो, .४२९ किंवा .४३० ची असेल तर .४४ चा, हे मात्र जुळलं पाहिजे. घट्ट जात असेल तर बाहेरून बारीक कंगोरे असलेले सॅबो मिळतात, ते सोपे जातात. हाताला कसं लागलं पाहिजे? पहिल्या काही इंचांत थोडा जोर आणि मग गजाच्या एका सलग ढकलण्यात तळापर्यंत. पूर्ण वजन टाकावं लागत असेल तर थंडीत, हातमोजे घालून, दुसरा बार तुम्ही भरणारच नाही.

पॅचवाल्यांनी हेच कपड्याच्या पॅचबरोबर करायचं. .५० ला नेहमीची जोडी म्हणजे .४९० ची शुद्ध शिशाची गोळी आणि .०१५ इंच जाडीचा पॅच. जमिनीवर सापडलेल्या पॅचच्या मध्यभागी काळा गोल आणि कडेला झालर, परत वापरता येईल असा दिसतोय, तर उत्तम. मध्येच जळून भोक, तर पॅच पातळ किंवा वंगण कमी. कड्याच्या रेषेत कापल्यासारखा फाटलाय, तर नळीच्या तोंडाच्या कडा धारदार आहेत.

पीळ आणि गोळीची लांबी

कागदावर लांबट भोकं पडत असतील तर इथपर्यंतचं सगळं सोडून थेट हे बघा. आधुनिक इनलाइनमध्ये पीळ बहुतेक १:२८ असतो, म्हणजे २८ इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. जुन्या धर्तीच्या हॉकेन वगैरे बंदुकांत १:४८, आणि खास गोल गोळीसाठीच्या नळ्यांत १:६० किंवा १:६६. गोळी जितकी लांब तितकी तिला जास्त फिरकी लागते. वजन नाही, लांबी. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि २९० ग्रेनची तांब्याची सॅबो गोळी १:४८ च्या नळीतून आडवी तिडवी जाते यात गोळीचा काही दोष नाही. १:४८ ला आखूड, जाड शिशाची गोळी किंवा गोल गोळी द्या. १:६६ ला फक्त गोल.

आता गोळी

इथपर्यंत येऊनही ग्रुप जमला नसेल, किंवा कायदाच आड येत असेल, तर बदला. कायदा आधी वाचा, कारण तो राज्यागणिक वेगळा आहे. कोलोरॅडोच्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) सीझनमध्ये सॅबो चालत नाहीत, पेलेट चालत नाहीत, स्कोपही नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसंच बंद. पेन्सिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या शिंगं नसलेल्या हरणांच्या मझललोडर सीझनला इनलाइन चालते, पण नाताळनंतरच्या सीझनला फ्लिंटलॉकच लागतं. दर वर्षीचं नियमपुस्तक नव्याने बघायचं, मागच्या वर्षीचं पाठ आहे म्हणून चालत नाही.

माझं मत विचाराल तर १:२८ च्या नळीला, १५० यार्डाच्या आतल्या हरणासाठी, २५० ते ३०० ग्रेनची सॅबो गोळी. शिशाच्या पोटाची, पातळ जॅकेटवाली (जॅकेट म्हणजे बाहेरचं धातूचं कवच) लवकर उघडते, बरगड्यांतून मारणाऱ्याला छान. पूर्ण तांब्याची हळू उघडते पण आरपार जाते, खांद्याचं हाड लागलं तरी. पिस्तुलाच्या गोळ्या सॅबोत घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, .४५ ची प्रत्येक गोळी सारखी नाही. जी .४५ एसीपी पिस्तुलाच्या हळू वेगासाठी बनवली आहे ती इथे दुपटीच्या आसपास वेगाने सुटते आणि हरणाच्या कातडीतच उमलून संपते. मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली जाड जॅकेटची घ्या.

एक पूर्ण पाकीट प्रत्येकी घेण्याऐवजी तीन-चार मित्रांनी वेगवेगळी पाकिटं घेऊन पाच-पाच वाटून घ्या. आधी ५० यार्डावर, तिथेच पसरत असेल तर १०० वर न्यायची गरज नाही. मग १०० वर तीन-तीनचे ग्रुप. सॅबो गोळी १०० यार्डावर दोन-अडीच इंचात बसली तर हरणासाठी पुरे, छातीतला मर्मभाग साधारण ८ इंचांचा असतो. एका इंचासाठी अजून चार पाकिटं जाळणाऱ्यांना मी काही बोलत नाही.

पण खरी परीक्षा ही: एक कागद ठेवून द्या. ज्या ज्या दिवशी रेंजवर जाल त्या दिवशीचा पहिला बार, स्वच्छ गार नळीतून, त्याच कागदावर, दुसरे कुठलेही नाहीत. असे पाच-सहा पहिले बार साठले की त्या कागदावर जो ग्रुप दिसतो तो तुमचा शिकारीचा ग्रुप. बाकीचे सुंदर ग्रुप फेसबुकवर टाकायला.

कागदावर छान, हरणावर नाही

आधी धूर बाजूला काढू. काळ्या दारूच्या धुरात बार झाल्यावर हरीण दिसतच नाही, आणि लागलेलं हरीण चुकलं असं समजून लोक घरी जातात. बार झाला की लगेच खाली वाका किंवा एका बाजूला सरका, कुठल्या झाडाजवळून पळालं ते लक्षात ठेवा, अर्ध्या तासाने जाऊन बघा. दोन्ही फुप्फुसांतून गेलेलं हरीणही पन्नास-शंभर यार्ड पळतं.

रक्त नाही याचं कारण बऱ्याचदा कोन असतं. वीस फूट वरच्या स्टँडवरून मारलं की गोळी वरून शिरते, आणि खालून बाहेर पडली नाही तर रक्त छातीतच साठतं. त्यामुळे उंचावरून मारणाऱ्याला आरपार जाणारी गोळी हवी, जागच्या जागी फुटणारी नको.

गोळी खरंच काय करते ते बघायला एक गॅलनच्या दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्या पाण्याने भरून एकामागे एक सहा-सात मांडा, ५० यार्डावर एकदा आणि तुमच्या कमाल अंतरावर एकदा. बहुतेक सार्वजनिक रेंजवर कागदाशिवाय काही चालत नाही, तेव्हा हे ओळखीच्या शेतावर, मागे मातीचा उंच बांध असेल तिथेच, आणि प्लॅस्टिक उचलून आणायचं. गोळी सापडली की तोला. जवळच्या अंतरावर तिचे तुकडे झाले असतील तर दारू कमी करा किंवा जाड जॅकेटची घ्या. लांबच्या अंतरावर उघडलीच नसेल, टोक जसंच्या तसं, तर तेवढ्या अंतरावरून मारू नका, किंवा लवकर उघडणारी घ्या. पाणी मांसापेक्षा कठोर असतं, त्यात गोळी जरा जास्तच उमलते, म्हणून दोन गोळ्यांची तुलना करायला ही चाचणी चांगली, हरणात अगदी असंच होईल असं समजू नका.

इथे थांबा, गनस्मिथकडे जा

चाप ओढला आणि बार झाला नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून दोन मिनिटं नुसतं थांबा, मग प्रायमर काढा. नवीन प्रायमरने एकदा बघा. तरी नाही, तर कार्बन डायऑक्साइडच्या डिस्चार्जरने गोळी बाहेर ढकला, तोंड सुरक्षित दिशेला. त्यानेही हलली नाही तर पुढे काही करू नका. खालून गरम करणं, गजावर हातोडा मारणं, हे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत आणि दोन्ही वेळा तिथून लांब जाऊन उभा राहिलोय. दुकानात फोन करून आधी सांगा की आत बार आहे, न सांगता भरलेली बंदूक काउंटरवर ठेवू नका.

ब्रीच प्लग निघत नसेल तर भेदक तेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी त्याच्या पान्याने हाताच्या जोराने बघा. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची वेळ आली की समजा तुमचं काम संपलं. आटे एकदा गेले की नळीच जाते.

घट्ट पॅच नळीतून ढकलताना मध्येच एका जागी एकदम सैल पडला आणि पुढे परत घट्ट झाला, तर तिथे नळी फुगलेली आहे. बाहेरून काही दिसणार नाही. त्या बंदुकीतून अजून एकही बार काढायचा नाही, "हलक्या मापाने बघतो" हेही नाही. तसंच नळीत खोल गंजाचे खड्डे, नळीच्या तोंडाला पोचा, प्रायमर फुटून गॅस तोंडावर येणं, किंवा हॅमर आपोआप पडणं, यातलं काहीही असेल तर घरी दुरुस्ती नाही.

जाताना बरोबर न्या: तुमचे टार्गेटचे कागद, गोळा केलेले सॅबो किंवा पॅच, दारूचं नाव आणि माप, आणि गज. माझ्या ओळखीचा म्हातारा गनस्मिथ सॅबो बघूनच अर्धं निदान करतो, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे रांग असते, तेव्हा शक्यतो जुलैतच जा.